हॅरी मॅकेचं गोलकिकिंग खरंच सुधारलंय का? आणि बाकीचा गेम?

टारनीटकर
मंडळी, मेलबर्नला आल्यावर ऑफिसमधल्या लोकांमुळे फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, कार्लटन क्लबच्या नादी लागलो आणि आता घरात मुलगी पण निळा स्कार्फ घालून फिरते, तर प्रश्न तिचाच आहे खरं म्हणजे, मी फक्त इथे टाकतोय. २०२१ ला ज्या माणसाने ५८ गोल मारून कोलमन मेडल (सीझनला सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याचं) घेतलं, ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या बेस्ट खेळाडूंच्या टीममध्ये आला, तोच हॅरी मॅके २०२३ मध्ये अगदी समोरून, तीसेक मीटरवरून सुद्धा सरळ किक मारायला तयार नव्हता, बाजूला वळून स्नॅप (पाय अंगाभोवती फिरवून वळणारी किक) मारायचा आणि त्यातले कितीतरी बाहेर. २०४ सेंटीमीटरचा माणूस, मार्क (किक केलेला बॉल हवेतच झेलणं, मग निवांत किक मारायला मिळते) घ्यायला कोणी अडवू शकत नाही, आणि मार्क घेतल्यावर आख्ख्या स्टेडियमच्या पोटात गोळा.

२०२४ ला ओपनिंग राउंडला ब्रिस्बेनविरुद्ध त्यांच्याच गॅबा ग्राउंडवर ४६ पॉइंट मागे होतो, तिथून परत आलो आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये याच्याच सेट शॉटने (मार्कनंतर निवांत घेतलेल्या किकने) पुढे गेलो, १ पॉइंटने जिंकलो. सरळ ड्रॉप पंट, म्हणजे बॉल उभा सोडून मारायची साधी किक. मी सोफ्यावरून उठून ओरडलोय त्या दिवशी, शेजारच्यांनी विचारलं काय झालं म्हणून.

तर विचारायचं असं की हे नक्की कशामुळे झालं? स्नॅप सोडल्यामुळे? की डोक्यात काहीतरी बदललं? आणि ऑफिसमध्ये एक जण रोज म्हणतो की फॉरवर्डचं काम गोल मारणं, बाकी सगळं बोलायच्या गोष्टी. मला ते पटत नाही पण उत्तर देता येत नाही. जाणकारांनी जरा खुलवून सांगा.

फुटीवेडी
दादा, मी आमच्या इथल्या ओव्हलवर शनिवारी ऑसकिकच्या (लहान मुलांच्या फुटी शिबिराच्या) मुलांना शिकवते त्यामुळे किकबद्दल बोलायला बसले की थांबत नाही, आधीच सांगते 🙂

बघा, ड्रॉप पंटमध्ये पायापेक्षा हात महत्त्वाचा. लोक पाय बघतात, पण किक बिघडते ती बॉल हातातून सुटताना. उजव्या पायाने मारणारा असेल तर डावा हात आधी सुटतो, उजवा हात बॉलला खाली पायापर्यंत नेतो, आणि बॉल उभाच्या उभा, जरासुद्धा न फिरता पायावर पडायला हवा, तरच तो मागे गिरक्या घेत सरळ जातो. हातातून सुटताना एवढासा तिरका झाला की चाळीस मीटरवर तो एवढासा राहत नाही, पोस्टच्या बाहेर जातो. आता यात उंच माणसाची अडचण लक्षात घ्या. हात वर, पाय लांब, मधलं अंतर जास्त. बॉल हवेत मोकळा पडण्याचा वेळ जास्त. त्यात एमसीजीला वारा कुठून फिरून येईल नेम नसतो, तो वारा त्या मधल्या क्षणातच बॉल हलवतो. म्हणून उंच फॉरवर्डला बॉल हातात जास्त खाली नेऊन मगच सोडायला शिकावं लागतं, आणि ते दमलेल्या अंगाने करायचं. मॅचमध्ये ही माणसं बारा-तेरा किलोमीटर पळतात हो, लीड मारून (डिफेंडरपासून सुटून बॉलकडे धावून) मार्क घेतला की छाती भात्यासारखी चाललेली असते, आणि घड्याळात ३० सेकंद.

स्नॅपचं आकर्षण याच्यात आहे. दोन-तीन पावलं, बॉल आडवा धरलेला, अंगाजवळ, पाय अंगाभोवती फिरतो, विचार करायला वेळच नाही. जीलाँगच्या स्टीव्ह जॉन्सनपासून सेट शॉटला पण स्नॅप मारणं लोकांच्या अंगवळणी पडलं. आणि पॉकेटमधून (गोलच्या बाजूच्या कोपऱ्यातून) ते एकदम बरोबर आहे. उजव्या पायाच्या माणसाला डाव्या पॉकेटमधून स्नॅप मारला की बॉल आधी गोलच्या पुढे जातो आणि मग डावीकडे वळून आत शिरतो, म्हणजे अँगल उघडतो. पण समोरून अँगल आधीच उघडा असतो! तिथे वळणारा बॉल मारून फायदा शून्य, उलट किती वळेल याचा अंदाज करण्याचं जास्तीचं काम मागे लागतं. आणि चाळीस मीटरच्या पलीकडे स्नॅपमध्ये दम राहत नाही.

तर माझं मत, २०२३ ला त्याची किक वाईट नव्हती, त्याच्याकडे किकाच दोन होत्या. प्रत्येक मार्कनंतर आधी ठरवायचं की आज कुठली. ते ठरवणंच माणसाला खातं. २०२४ ला समोरून असेल तर ड्रॉप पंट, विषय संपला. तेच रन-अप, तीच पावलं. गॅबाच्या त्या किकच्या वेळी त्याचा चेहरा बघा परत, ठरवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

बॉम्बर_पुणेकर
मी एसेंडनवाला आहे त्यामुळे कार्लटनचं कौतुक करताना बोटं जड होतात, पण फुटीवेडी ताईंशी रूटीनबद्दल शंभर टक्के सहमत. आमचा मॅथ्यू लॉइड, ९२६ गोल, तीन कोलमन मेडल. दर सेट शॉटच्या आधी गवताची चिमूट उडवून वारा बघायचा, आणि डॉकलँड्स स्टेडियमला छप्पर बंद असलं तरी उडवायचा! वारा बघायला नव्हतंच ते, ती सुरुवात होती, गवत उडालं की पुढचं सगळं आपोआप. नॉर्थ मेलबर्नचा बेन ब्राउन आठवा, तो तर एवढ्या लांबून पळत यायचा की लोक वैतागायचे, पण २०१७, १८, १९ तिन्ही सीझन साठच्या वर गोल. दिसायला कसंही दिसो, दर वेळी तेच हवं. आपल्याकडे फास्ट बोलरचं रन-अप मोडलं की नो-बॉल पडायला लागतात, तसंच आहे हे.

पण टारनीटकर, तुमच्या ऑफिसमधल्या माणसाचं म्हणणं मी एकदम उडवून लावणार नाही. २०२२ चा शेवटचा राउंड विसरलात का? तेव्हा नसाल इथे कदाचित. कॉलिंगवूडशी १ पॉइंटने हरलात आणि पर्सेंटेजवर (मारलेल्या आणि दिलेल्या पॉइंटांच्या प्रमाणावर) फायनल्सच्या पहिल्या आठातून बाहेर. आख्खा सीझन १ पॉइंटवर गेला. त्या मॅचमध्ये एक बिहाइंड (गोलच्या बाजूने गेलेला, १ पॉइंटचा शॉट) जरी गोल झाला असता तर फायनल्स खेळला असतात. मॅके एकट्याचा दोष म्हणत नाहीये मी, पण गोलला ६ आणि बिहाइंडला १, हा फरक "बाकीच्या गेम"ने भरून निघत नाही. २००८ ची ग्रँड फायनल बघा, जीलाँग ११.२३ (११ गोल, २३ बिहाइंड) म्हणजे ८९, हॉथॉर्न १८.७ म्हणजे ११५. शॉट कोणाचे जास्त, कप कोणाकडे.

बाय द वे त्याचा जुळा भाऊ बेन २०२४ ला नॉर्थ सोडून आमच्याकडे आला. तो डिफेंडर, हा फॉरवर्ड. घरच्या अंगणात एकाने मारायचं आणि दुसऱ्याने अडवायचं अशी वाटणी लहानपणीच झाली असावी 😄

जुना_ब्लूज
२००८ चं उदाहरण घेताना एक गोष्ट सांगायलाच पाहिजे की त्या २३ बिहाइंडमधले ११ हॉथॉर्नच्या डिफेंडरांनी मुद्दाम स्वतःच लाइनच्या मागे नेलेले होते, दबाव आला की एक पॉइंट देऊन टाकायचा आणि बॉल आपल्याकडे घ्यायचा. त्यावरून पुढच्या वर्षी नियम बदलला, मुद्दाम नेलं तर फ्री किक. तेव्हा ती सगळी जीलाँगच्या फॉरवर्डांची चूक नव्हे.

आणि त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण देतो, ते जास्त लागू पडतं. हॉथॉर्नचा बडी फ्रँकलिन, २००८, ११३ गोल. आणि त्याच सीझनमध्ये त्याचे बिहाइंड ऐंशीच्या वर! ऐंशीच्या वर, विचार करा. कोणी म्हणालं का की याला काढा? त्याच्यामुळे हॉथॉर्न प्रीमियर, म्हणजे चँपियन झाले. कारण जो माणूस एका सीझनला दोनशेच्या आसपास वेळा गोलवर शॉट घेऊ शकतो त्याला अडवण्यात समोरच्यांचे दोन डिफेंडर खर्ची पडतात आणि त्या जागेत बाकीचे खेळतात.

आता मॅकेवर येतो. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे) आपण वेटरिंग पहिला, मॅके दहावा, चार्ली कर्नो बारावा घेतला, एकाच संध्याकाळी. तेव्हापासून बघतोय याला. वॉरागलचा बारीक काठीसारखा पोरगा होता. सुरुवातीला त्याला फक्त एकच गोष्ट यायची, पळत येऊन हात लांब करून मार्क घेणं. बॉल जमिनीवर पडला की हा गेममधून गेला. मागून धक्का बसला की पडायचा.

आज काय करतो ते बघा. एक, मार्क मिळत नसेल तर बॉल समोरच्याला पण मिळू देत नाही, मुठीने किंवा अंगाने खाली आणतो आणि आपले छोटे फॉरवर्ड तिथे वाट बघत असतात. ते गोल त्यांच्या नावावर जातात, याच्या नावावर काहीच नाही. दोन, डिफेन्समधून बॉल बाहेर काढताना कोणी सापडत नसेल तर लांब बाउंड्रीच्या कडेने याच्याकडे मारतात, हा पार विंगपर्यंत वर येतो, तीन जणांच्या गर्दीत उडी मारतो, आणि लगेच वळून परत फॉरवर्ड ५० कडे (गोलपासूनच्या ५० मीटरच्या भागाकडे) पळत सुटतो. २०४ सेंटीमीटरच्या माणसाने दिवसभर ते करायचं म्हणजे खायचं काम नाही. तीन, फॉरवर्डमध्ये बॉल-अप झाला (अंपायरने बॉल वर उडवला) की रकला, म्हणजे उडी मारून तो बॉल आपल्याकडे वळवायला, उभा राहतो. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, मिस झाल्यावर. २०२३ ला मिस केला की खांदे पडायचे, पुढची दहा मिनिटं तो कुठे आहे शोधावं लागायचं. आता मिस केला की त्याच मिनिटाला टॅकल करायला पळतो.

आणि चार्ली २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी कोलमन जिंकला ना, त्यात याचा वाटा कोणी मोजलाय का? दोन उंच फॉरवर्ड असले की समोरच्या कोचला ठरवावं लागतं बेस्ट डिफेंडर कोणावर लावायचा. कितीतरी मॅचमध्ये तो याच्यावर लागला.

२०२३ ला ४ विन, ८ लॉस, १ ड्रॉ अशी अवस्था होती, पंधराव्या नंबरवर, तिथून सलग नऊ जिंकून पाचवे आलो आणि प्रीलिमिनरी फायनलपर्यंत (ग्रँड फायनलच्या आधीच्या मॅचपर्यंत) गेलो, २०१३ नंतर पहिल्यांदा फायनल्स बघितल्या. कोच व्हॉसने त्या सगळ्या काळात मॅकेवर लोक तुटून पडत असताना त्याची बाजू सोडली नाही, हे मी विसरणार नाही. फिट असेल तर टीममध्ये. पेपरात रोज एक माजी फॉरवर्ड याची किक कशी चुकते त्याची चित्रं काढून दाखवत होता, पंचवीस वर्षांचा मुलगा होता हो तो, माणूस आहे.

बॉम्बर_पुणेकर
रश्ड बिहाइंडचा (मुद्दाम मागे नेलेल्या बॉलचा) मुद्दा बरोबर, मानला. तरी मूळ म्हणणं सोडत नाही. बडी असा शंभर वर्षांत एखादाच, दोनशे शॉट घेणारा. ज्याला मॅचमध्ये चार चान्स मिळतात त्याला अचूकपणा लागणारच. टोनी लॉकेटचे १३६० गोल काय नुसत्या ताकदीने झाले का, समोरून मिस होणं माहीतच नव्हतं त्याला.

आणि एक प्रश्न मला खरंच पडतो, प्रोफेशनल झाले, सायन्स आलं, सगळं आलं, पण लीगमधला गोलचा अचूकपणा काही वाढत नाही. दहा सेट शॉटमधले सहा गेले तर बरं म्हणतात. पगारी माणसं आहेत ना ही? रोज शंभर किका का मारत नाहीत?

फुटीवेडी
रोज शंभर मारल्या तर सीझनच्या मध्यात मांडीचे आणि जांघेचे स्नायू जातील म्हणून. क्लबचे फिटनेसवाले प्रत्येकाच्या किका मोजतात, आठवड्याला एवढ्याच म्हणून. पूर्वी ट्रेनिंग संपलं की अंधार पडेपर्यंत मारत बसायचे, आता कोणी बसू देत नाही. दुसरं म्हणजे प्रॅक्टिसला ताज्या अंगाने, कोणी ओरडत नसताना मारलेल्या किकेचा मॅचच्या किकेशी फार कमी संबंध. मला वाटतं थोड्या मारा पण पळून दमल्यावर मारा, एक चान्स, चुकला तर परत नाही. मुलांना मी तसंच करायला लावते, ओव्हलला एक राउंड पळा आणि मग एकच किक. पहिल्या दिवशी रडारड होते, मग तेच मागून घेतात.

टारनीटकर दादा, अचूकपणा आणि बाकीचा गेम हे दोन वेगळे विषय नाहीत असं मला वाटतं. जोपर्यंत माणसाला वाटतं की माझी किंमत फक्त या एका किकेवर आहे तोपर्यंत ती किक जडच होणार. मॅके वर येऊन मार्क घेतो, टॅकल करतो, म्हणजे बॉल हातात येईपर्यंत त्याने टीमला आधीच बरंच काही दिलेलं असतं. मग ते ३० सेकंद जरा हलके जातात. तंत्र सुधारलंच आहे, त्याच्या बरोबरीने हेही झालंय.

टारनीटकर
एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार सगळ्यांचे. लेकीला रात्री वाचून दाखवलं, तिला फक्त जुळ्या भावांची गोष्ट आवडली आणि ऑसकिकला जायचंय म्हणाली 🙂

पुढच्या आठवड्यात दोघं मार्व्हल स्टेडियमला मॅच बघायला जातोय. मॅकेचं नक्की काय बघू, म्हणजे मला पण कळेल?

फुटीवेडी
लवकर जा, वॉर्म-अपला. ज्या टोकाला कार्लटनवाले किक मारत असतील तिथे गोलच्या बरोबर मागे बसा, बाजूला नाही. मागून बॉल सरळ फिरतोय की डगमगतोय ते स्वच्छ दिसतं. पाय बघू नका. त्याचा बॉल धरलेला हात बघा, कमरेच्या किती खाली येईपर्यंत बॉल सोडत नाही ते. दोन-चार किका बघितल्या की मॅचमध्ये बॉल हातातून सुटल्या सुटल्या तुम्हाला कळेल गेला की नाही.

आणि ऑसकिकचं नाव आत्ता ऑनलाइन घालता येतं, पाच वर्षांच्या मुलांपासून घेतात. टारनीटच्या आसपास सेंटर आहेत, मुलींच्या वेगळ्या बॅच पण असतात काही ठिकाणी.

जुना_ब्लूज
आणि मिस झाला तर त्यानंतरचं एक मिनिट त्याच्यावरच नजर ठेवा, बॉल कुठेही असला तरी.