भंडारदरा: नक्की कुठे जायचं?
(नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं पावसाळी सहलीचं बोलणं. नावांऐवजी फ्लॅट नंबर आहेत.)

बी-103: रविवारी भंडारदरा करू. दोन टेम्पो ट्रॅव्हलर. धरण, अंब्रेला फॉल, रंधा फॉल, नेकलेस फॉल, घाटघर, रतनवाडी, सांदण. सकाळी 8 ला निघून रात्री 9 पर्यंत परत. नावं टाका पटापट.

सी-301: आम्ही चौघं. आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल ना?

ए-204: इथल्या सोमेश्वर धबधब्याला गेलो तर? गोदावरीला पाणी छान आहे, दोन तासांत परत.

बी-103: काका, सोमेश्वर तर केव्हाही होतं.

डी-402: माझं माहेर भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दादा, यादीतली निम्मी ठिकाणं गाळा. धरणाला वळसा घालणारा रस्ता अरुंद आहे. पावसाळ्यातल्या रविवारी समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की मागे रांग लागते आणि अख्खा दिवस गाडीतच जातो. घोटीहून बारीमार्गे शेंडी, मग मुतखेल, कोलटेंभे करत सरळ रतनवाडी गाठू आणि तिथेच थांबू. समोर रतनगड, कड्यांवरून उतरणाऱ्या धारा, खाली भाताची खाचरं. अमृतेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, हेमाडपंती. नुसतं दर्शन घेऊन निघायचं नाही, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश फिरून बघायचं. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. देऊळ गावातच आहे, सी-301 च्या काकूंना डोंगर चढायची गरज नाही. रंधा येताना बघू, तोही कठड्यामागून. सुमारे 50 मीटरवरून प्रवरा खाली कोसळते, लांबूनही अंगावर तुषार येतात.

सी-301: हे जमेल. आईला सांगते.

बी-103: अंब्रेला तरी ठेवा, मुलं मागे लागलीत.

ए-501: अंब्रेलाचा भरवसा नसतो. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच तो दिसतो. खाली गोल खडक आहे, त्यावरून पाणी छत्रीसारखं पसरतं. धरण मात्र मुलांना जरूर दाखवा. विल्सन डॅम, 1926 मध्ये पूर्ण झालेलं दगडी बांधकाम, अजून काम करतंय.

बी-103: आणि सांदण? त्याचे रील्स बघूनच तर सगळे तयार झालेत.

डी-402: सांदण आत्ता अजिबात नाही. ती साम्रदजवळची कातळातली अरुंद भेग आहे, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती. पावसात आजूबाजूचं पाणी तिच्यातूनच कोकणाकडे उतरतं. आत असताना पाणी वाढलं तर वर चढायला जागाच नाही. हिवाळ्यात ठरवा, मी सगळ्यात आधी नाव देईन.

ए-302: पण ताई, धबधब्याखाली उभंच राहायचं नसेल तर एवढ्या लांब जाऊन काय करायचं?

ए-501: मी भूगोल शिकवायचो, म्हणून थोडं सांगतो. हे कडे म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला बेसाल्ट. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ झिजतात, टणक उभे राहतात, म्हणून डोंगराला पायऱ्या दिसतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने पडतं. वर उघडा कातळ, माती थोडी, त्यामुळे पाऊस फारसा मुरत नाही. म्हणूनच हे धबधबे पावसाळ्यापुरते. वर सर आली की थोड्याच वेळात खाली लोंढा येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. 2022 मध्ये आपल्या त्र्यंबकजवळ दुगारवाडी धबधब्यावर हेच झालं, पर्यटक अडकले आणि एकजण वाहून गेला. आपली मुलं बरोबर आहेत. प्रवाहात पाय घालायचा नाही, एवढं तरी सगळ्यांनी कबूल करा.

डी-402: सर, अगदी बरोबर. आणि भिजायचंच असेल तर ए-302, रतनवाडीत नुसतं रस्त्यावर उभं राहा, पाऊस कोरडं सोडणार नाही. 😊

ए-302: पटलं. कबूल.

ए-204: मग मीही येतो. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा पुढे प्रवरासंगमला आपल्या गोदावरीला मिळते. आयुष्यभर रामकुंडावर गेलो, आता ते दुसरं टोकही बघावं म्हणतो.

सी-105: आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते. गर्दी टाळायची तर शनिवार घ्या ना. सहाला निघू.

बी-103: शनिवार चालेल. जेवणाचं काय?

डी-402: हॉटेल नको. रतनवाडीत ओळखीच्या एका घरी सांगते. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, गावचाच तांदूळ. पण लोक शेतात असतात, आयत्या वेळी पन्नास माणसं दारात उभी करायची नाहीत. पैसे ते म्हणतील तेवढे, घासाघीस नको. खाचरांच्या बांधावर फोटोसाठी चढू नका, बांध फुटला की त्यांचं पाणी जातं. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा स्पीकर घरीच ठेवा.

सी-301: कचऱ्यासाठी प्रत्येक गाडीत एक गोणी मी देते. रिकाम्या बाटल्या, पाकिटं सगळं परत नाशिकला.

बी-103: ठरलं तर. शनिवारी सकाळी 6, गेटवर. रतनवाडी, धरण, रंधा, बास. भाकरीवाले किती, भातवाले किती, गुरुवार संध्याकाळपर्यंत लिहा, ताईंना घरी कळवायचंय.

ए-204: मी भाकरी.

सी-301: आईला मऊ भात, बाकी तिघं भाकरी.