धडधड सुरू झाली की नेमकं काय बघायचं?

रातकिडा
ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही नॉर्मल. तरी रात्री डाव्या कुशीवर वळलं की छाती धडधडते. हातातलं स्मार्ट घड्याळ मिनिटाला ११५-१२५ ठोके दाखवतं आणि तो आकडा बघून जीव आणखीच घाबरा होतो. भीती की हृदयाची तक्रार, हे ओळखायचं कसं?

बोटं_मनगटावर
आकड्यापेक्षा धडधड कशी सुरू होते नि कशी थांबते ते बघा. भीतीने, तापाने, अंगात पाणी कमी पडल्याने वाढलेले ठोके चढत जातात आणि हळूहळूच उतरतात. कळ दाबावी तसे एकदम १५०-२०० वर गेले आणि तसेच एकदम थांबले, तर एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांची, शंका घ्यावी. 'ठोका चुकला' असं वाटतं ते बहुतेकदा एक्टोपिक, म्हणजे अवेळी पडलेला जादा ठोका. एक ठोका वेळेआधी पडतो, मग मध्ये अंतर जास्त पडतं, तेवढ्यात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणका दिल्यासारखा लागतो. इको चांगला असेल तर हे सहसा निरुपद्रवी. ठोक्यांना तालच नसेल तर मात्र ईसीजी हवाच.

घड्याळाचा पट्टा सैल असला की ते वाटेल ते दाखवतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. एकदाच! दर दोन मिनिटांनी मोजत बसलात तर ठोके वाढणारच.

डाव्या कुशीचं म्हणाल, तर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, म्हणून ठोके जाणवतात. कूस बदला.

शांतश्वास
घाबरल्यावर भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात त्या त्यामुळे, आणि माणसाला वाटतं, झटकाच आला. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, असं पाचेक मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका, खरंच हृदयाची किंवा दम्याची तक्रार असली तर अंगाशी येतं. ठोके उतरवायला मानेची शीर चोळणं हाही घरचा उद्योग नव्हे.

होल्टरवाला
साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा. धडधड त्या वेळी नसेल तर तो नॉर्मलच येणार. रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावा, आठवड्यातून एखाद्या वेळी होत असेल तर जास्त दिवसांचा मॉनिटर. सोबत रक्तातलं टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, पोटॅशियम तपासा. सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, संध्याकाळची कॉफी हेही डॉक्टरांना सांगा.

धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थांबू नका, लगेच इमर्जन्सी गाठा. व्यायाम करताना धडधड सुरू होत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

रातकिडा
आणि प्रोप्रानोलोल, ती ठोके कमी करायची गोळी?

होल्टरवाला
दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची तर नकोच. दमा असेल तर श्वासनलिका आवळते. रोज चालू असलेली गोळी एकदम सोडली की ठोके उसळतात, ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची.