आजोबांची ट्रंक: पलटण, दुकान आणि घर एका पुस्तिकेत कसं आणावं?

ट्रंकवाला_नातू
आजोबा शंभरीच्या उंबरठ्यावर गेले. १९४१ मध्ये मराठा पलटणीत भरती, १९४६ ला सुटून घरी, आणि १९४८ पासून किराणा-भुसाराचं दुकान. मागे एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात तीन पदकं (दोन ताऱ्याच्या आकाराची, एक गोल), घड्यांवर फाटलेलं डिस्चार्जचं (सैन्यातून सुटकेचं) पुस्तक, लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या (काही मोडी लिपीत) आणि शंभरेक फोटो. डिस्चार्जवर ‘१/५’ लिहिलंय, त्याचा अर्थ लागत नाही. घरात कुणी म्हणतं ते इटलीत लढले, कुणी म्हणतं ब्रह्मदेशात. वर्षश्राद्धापर्यंत घरच्यांसाठी पुस्तिका करायची आहे. सुरुवात कुठून करू? पदकं घासून ठेवू का?

पलटणप्रेमी
पदकं अजिबात घासू नका. चिंच नको, राख नको, पितळेची पॉलिशही नको. धातूवरचा तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. घासलं की नक्षी बोथट होते, आणि कडेवर नाव-क्रमांक ठोकलेला असेल तर पहिल्यांदा तोच पुसट होतो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा. मग खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्चचा तिरका उजेड टाका आणि कडेचा फोटो घ्या. समोरून न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात उठून येतात.

इटली की ब्रह्मदेश, हे ताराच सांगेल. मधल्या राजचिन्हाभोवती कडं असतं, त्यावर इंग्रजीत ताऱ्याचं नाव असतं. एक बहुधा ‘१९३९-४५ स्टार’ निघेल, दुसरा ‘इटली स्टार’ किंवा ‘बर्मा स्टार’. फितीवर एकट्या विसंबू नका, कारण फिती बदलल्या जातात आणि विटतात. तरी ओळख म्हणून: इटलीची लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. बर्माची गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही निळ्या भागांत एकेक केशरी पट्टी. गोल पदकावर एका बाजूला राजाचं मुख आणि मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते ‘वॉर मेडल’.

‘१/५’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. रेघेआधीचा आकडा फार महत्त्वाचा आहे. इटलीत १/५ ही आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ३/५ दहाव्या. दोघींतल्या एकेका जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं: ३/५ चे नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं) आणि १/५ चे शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी). आकडा चुकला की आजोबांना न लढलेल्या लढाईत नेऊन बसवाल.

दप्तरी
वरच्यात भर. जवानांची नोंद त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे. अर्जात सेवाक्रमांक, डिस्चार्जवर जसं आहे तसंच नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरती आणि सुटकेच्या तारखा द्या. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं.

इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच सांगतो. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांची सेवापत्रकं सुटकेनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. १९४६ ला सुटलेल्या जवानाची फाइल मागितली की ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि लोक तिथेच थांबतात. तुम्ही ‘लाँग रोल’ या नोंदवहीचा उतारा मागा. त्यात मोजकीच माहिती असते, पण ती नोंदवही जपून ठेवलेली असते.

रोजच्या हालचालींसाठी बटालियनची युद्धदैनंदिनी बघा. इटलीतल्या तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या शिपायाचं नाव त्यात क्वचितच येतं, पण बटालियन कुठल्या दिवशी कुठे होती ते कळतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मात्र शोधू नका. ती फक्त मृतांची आहे.

आणि जन्मतारीख. भरतीच्या कागदावर बहुतेकदा वय अंदाजाने लिहिलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर सोयीची १ जून. दोन्ही छापा आणि कुठली कुठून घेतली ते लिहा. मनाने तिसरी ठरवू नका.

कीर्दखतावणी
वह्यांकडे कुणी वळेना म्हणून लिहिते. दुकानाच्या वह्यांत माणूस जितका सापडतो तितका पदकांत सापडत नाही.

आधी वर्ष लावा. व्यापारी वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. पहिल्या पानावर ‘श्री’खाली शके १८७०, संवत २००५ असेल तर ती १९४८ च्या दिवाळीची. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९. ही चूक सर्रास होते आणि माघातलं लग्न एक वर्ष आधी लागतं.

मग आकडे. उभी दांडी म्हणजे पावली (चार आणे), आडवी रेघ म्हणजे आणा. ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये दहा आणे. त्याला ५.१० लिहू नका, दहा आणे म्हणजे साडेबासष्ट पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, पुढची काही वर्षं एकाच पानावर दोन्ही हिशेब दिसतील. ‘शेर’ वजनी आहे की मापी हे मालावरून ठरवा, ठरत नसेल तर शेरच राहू द्या.

पूर्ण वाचत बसू नका. घरखर्चाचं खातं शोधा. बारसं, शाळेची फी, औषधपाणी, बहिणीची पाठवणी, सगळं तारखेसह तिथे असतं. दुसऱ्यांची उधारीची खाती पुस्तिकेत छापू नका. त्यांची नातवंडं आजही तुमच्या शेजारी राहत असतील.

ट्रंकवाला_नातू
कड्यावर ‘इटली’ वाचता आलं! आता दोन वह्यांची पानं चिकटलीत. आणि फोटोंमागे काहीच लिहिलेलं नाही.

दप्तरी
चिकटलेली पानं ओढू नका, वाफ देऊ नका, इस्त्री तर मुळीच नाही. जुनी शाई पाण्याने फुटते. वही सावलीत, कोरड्या हवेत आठवडाभर उघडी ठेवा. तरीही न सुटणारी पानं कागद-संवर्धन करणाऱ्याकडेच द्या. डिस्चार्जच्या घड्यांना सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको.

कीर्दखतावणी
फोटो एकेक करून आजी-आत्यांसमोर ठेवा आणि ‘हे कोण?’ एवढ्यावर थांबू नका. ‘हा काढला तेव्हा कोण जन्मलं नव्हतं?’ असं विचारा, साल आपोआप जवळ येतं. दोघींना वेगवेगळं बसवा, नाहीतर मोठी बोलते आणि धाकटी मान डोलावते. नावं फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला, नेमका चेहऱ्यावर उमटतो.