चेरी श्रिंप कात टाकतानाच मरतायत, काय करावं?

पाणकळा: मंडळी, छोटा प्लँटेड टँक (पाणवनस्पती लावलेली काचेची टाकी) आहे, स्पंज फिल्टर, नुसत्या चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातल्या छोट्या शोभेच्या कोळंब्या), मासा एकही नाही. पाणी सगळं आरओचं. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतो आणि मग एखादी मेलेली सापडतेच, बघितलं तर डोक्याच्या मागे गोल पांढरी रिंग, कवच तिथे फाटलंय पण ती बाहेरच आलेली नाही. बाकीच्या खायला टाकलं की तुटून पडतात. शिवाय काचेवर बारीक पांढरे ठिपके झटके देत पळतात, ते यांना खातायत का? दोन माद्यांच्या पोटाशी अंडी आहेत म्हणून जीव टांगणीला लागलाय.

शेवाळप्रेमी: ठिपक्यांचं टेन्शन सोडा हो. झटके देत पळतात ते कोपेपॉड, बहुतेक सायक्लॉप्स, श्रिंपचेच लांबचे भाऊबंद. काही करत नाहीत. फार वाढले तर खाणं कमी टाका एवढंच. चपटा, त्रिकोणी डोक्याचा किडा काचेवर सरपटताना दिसला तर मात्र प्लॅनेरिया, तो धोक्याचा, आणि हायड्रा (काचेला चिकटून राहणारा, तंतू असलेला बारीक जीव) पिल्लं धरते.

संथपाणी: खरी अडचण पाण्यात आहे. आरओच्या पाण्यात खनिजं जवळजवळ नसतातच, मग नवं कवच नीट घडणार कसं, त्यात निम्मं पाणी एकदम बदललं की ती वेळेआधीच कात टाकायला जाते आणि अडकते. चेरीला जीएच (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) ६ ते ८ आणि केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) २ च्या वर ठेवा, त्यासाठी जीएच आणि केएच दोन्ही वाढवणारी श्रिंपची पावडर मिळते, ती बादलीत आधी विरघळवा, टँकमध्ये थेट नको. पण टँकचा जीएच एका दिवसात चढवू नका प्लीज, बदल १० टक्क्यांचाच करा, पाणी थेंबथेंब सोडा, काही आठवडे लागू देत. पाणी उडून कमी झालं तर मात्र साधं आरओच भरायचं, कारण खनिजं उडत नाहीत, मागेच राहतात. आणि टाकलेली कात काढू नका, त्या ती खातात.

पाणकळा: कटलबोन (कटलफिशच्या अंगातलं कॅल्शियमचं हाड) टाकून भागेल का? आणि अंड्यांचं काय?

संथपाणी: कटलबोन फार हळू विरघळतं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर नको. अंडी साधारण ३ ते ४ आठवडे राहतात, तोवर माद्यांना हलवू नका, घाबरून कात टाकली तर अंडी कातीसोबत जातात. पिल्लं आईसारखीच, फक्त इवलीशी निघतात, अमानो जातीच्या श्रिंपच्या पिल्लांसारखं खारं पाणी लागत नाही. आणि तांबं असलेलं कुठलंही औषध टँकच्या आसपाससुद्धा आणू नका.