डॉक्टरांनी ग्राफिक कादंबरी काढायची नाही?

धंतोलीकर:
काल इथे एकाने लिहिलं की डॉक्टर, वकील, इंजिनिअर ग्राफिक कादंबऱ्या (कॉमिक्ससारख्या चित्रांतून सांगितलेल्या) काढू लागले, हा हौशी लोकांचा धुडगूस आहे, ज्याचं काम त्यानेच करावं. हे पटणारं नाही. जपानी कॉमिक्सकार ओसामू तेझुका वैद्यकीचे पदवीधर. 1973 पासूनचं त्यांचं 'ब्लॅक जॅक' हे एका सर्जनवरचं कॉमिक्स त्या अभ्यासावर उभं आहे. वेल्समधल्या डॉ. इयन विल्यम्सनी 2007 मध्ये आजार-उपचारांवरच्या कॉमिक्ससाठी 'ग्राफिक मेडिसिन' हे नाव रूढ केलं. शिकागोच्या एड्स वॉर्डातल्या परिचारिकेने 2017 मध्ये त्या वॉर्डावर पुस्तक काढलं. आतला माणूस काय आणतो ते बघा: स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढे, नाकाकडे वळलेली असतात. बाहेरचा चित्रकार ती हमखास उलटी काढतो. छातीच्या एक्स-रेत हृदयाची सावली बघणाऱ्याच्या उजवीकडे जास्त येते, तीही डावीकडे दाखवतो.

शाई_दौत:
तेझुकाचं उदाहरण चुकीचं आहे. त्यांची चित्रं 1946 पासून छापून येत होती, डॉक्टरेट 1961 ची. तो मुळात चित्रकारच. आणि स्टेथोस्कोप संदर्भाचा फोटो बघून सुधारता येतो. पानाची रचना फोटो बघून येते का? थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा), पेन्सिल, शाई, अक्षरं धरून एका पानाला दोन दिवस जातात. 120 पानं म्हणजे 240 दिवस. ज्याचं घर पगारावर चालतं तो हे फुकट देतो आणि मग प्रकाशक आम्हालाही फुकटच मागतो. चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पोरांनी खायचं काय?

सदर_कट्टा:
पैशाचं भांडण प्रकाशकाशी करा नं बावा. लेखकाचा काय दोष? हौशी लोकांची खरी चूक वेगळीच आहे. ते आधी चित्र पूर्ण करतात, मग उरलेल्या जागेत संवाद कोंबतात. संवादाच्या फुग्याची जागा थंबनेललाच ठरली पाहिजे. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि वर. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलात की चौकट मेली.

प्रेसवाला:
शेवटी कोणीतरी अक्षरांवर बोललं! देवनागरीला वर रफार-वेलांटी, खाली उकार. 9 पॉइंटच्या अक्षराला ओळींमधलं अंतर 11 पॉइंट दिलं की खालच्या ओळीतल्या 'र्की'वर वरच्या ओळीचा 'कू' येऊन आदळतो. 13-14 द्या. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की निव्वळ कचरा. अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत केसभर सरकला तरी शिरोरेषेला लाल-निळी कड येते. रेषाचित्र 600 डीपीआयच्या (इंचाला 600 ठिपके) खाली आणूच नका.

शाई_दौत:
फॉन्टच कशाला? हाताने लिहा. फॉन्टचं अक्षर चित्रावर चिकटवल्यासारखं दिसतं.

प्रेसवाला:
120 पानं हाताने लिहिल्यावर संपादक 'की'चं 'कि' झालेलं दाखवेल, तेव्हा पान पुन्हा काढणार? हा सल्ला देऊन लोकांचं नुकसान करून राहिले तुम्ही.

शाई_दौत:
पान कशाला काढायचं? अक्षरं ट्रेसिंगवर वेगळी लिहायची, वेगळी स्कॅन करायची, चुकलं तर तेवढाच फुगा बदलायचा. माहीत नसेल तर नुकसानीच्या गोष्टी करू नका.

प्रेसवाला:
वेगळ्या थरावर असेल तर चालेल. एवढंच मान्य.

धंतोलीकर:
मूळ मुद्दा राहिला. बाबासाहेबांवरची ग्राफिक कादंबरी 'भीमायन' (2011) घ्या. तिचे चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम परधान गोंड परंपरेतले, घराच्या भिंतींवर काढायच्या चित्रांतून आलेले. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही म्हणून त्यांनी चौकटीच टाळल्या, दिग्नाच्या, म्हणजे गोंड भिंतचित्रांतल्या पारंपरिक नक्षीने पान विभागलं. मऊ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कॉमिक्सच्या शाळेत शिकलेल्याला हे सुचलं असतं? आणि विषय चवदार तळ्याचा, बाबासाहेबांचा. दीक्षाभूमीच्या गावात बसून 'ज्याचं काम त्यानेच' म्हणताना जरा विचार करा.

शाई_दौत:
व्याम हौशी नाहीत, पिढीजात कलावंत आहेत. डॉक्टरांच्या रांगेत त्यांना उभं करू नका. पण फुग्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मानतो. मोबदल्याचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे. डॉक्टरला गोष्ट सांगायची असेल तर मजकूर त्याने लिहावा, पानं चित्रकाराला द्यावी आणि पानामागे दर करारात लिहावा. एक तृतीयांश सही करताना, एक तृतीयांश पेन्सिलवर, उरलेले शाई झाल्यावर. पेन्सिल मंजूर झाल्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे.

सदर_कट्टा:
त्यात मूळ पानं कोणाकडे राहणार तेही लिहा. आणि सगळं पुस्तक काढायच्या आधी 16 पानांचा एक फॉर्म (एकाच कागदावर छापून घडी घालायची पानं) छापून शिवून बघा. मधल्या घडीत किती चेहरे गेले ते तेव्हाच कळतं.