पुढच्या दारांतले स्पीकर बदलायचेत: कोअ‍ॅक्सियल घेऊ की कंपोनंट?

खारा_वारा
गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, वापर रत्नागिरीत. स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि तो बदलायचा नाही. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर आहेत, ट्विटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) नाहीत. आवाज थोडा वाढवला की गाणाऱ्याचा शब्द चिरका होतो आणि डग्गा नुसता थपथपतो, घुमत नाही. ऐकणं मुख्यतः नाट्यगीतं, अभंग आणि शास्त्रीय. बजेट मजुरीसकट १२,००० रुपये. दुकानदार म्हणतो, पुढे ४०० वॅटचे कोअ‍ॅक्सियल (वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, आणि ट्विटर एकातच) टाका आणि मागच्या ट्रेवर ६×९ इंची स्पीकर ठोका, काम झालं. पुढे नक्की काय घ्यावं, तेच की कंपोनंट (वूफर आणि ट्विटर वेगवेगळे)? अ‍ॅम्प्लिफायरशिवाय चालेल का? आणि इथल्या पावसात दाराच्या आत पाणी उतरतं, त्याचं काय?

तांब्याची_तार
आधी ते ४०० वॅट डोक्यातून काढा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. बघायचा तो बारीक अक्षरांतला आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी ताकद. आणि तुमचा स्टिरिओ देतो किती, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमधून स्वच्छ आवाज हिशेबानेसुद्धा २६ वॅटच्या वर जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात १७ ते २० वॅट मिळतात. बाजारातल्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं आणि मागे फ्यूज १० अँपियरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. मग २०० येणार कुठून?

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर निवड सेन्सिटिव्हिटीवर (एका वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो) करा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८८ वाल्याला ४० वॅट लागतील, आणि ते तुमच्याकडे नाहीत. ९० च्या खालचं काही घेऊ नका. इथे एक मेख आहे: आकडा ‘१ वॅट, १ मीटर’चा आहे की ‘२.८३ व्होल्ट’चा ते वाचा. ४ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे त्या पद्धतीने छापलेला ९३ हा खरा ९० च असतो. इंपीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ४ ओहमच ठेवा. काही मॉडेल २ किंवा ३ ओहमची येतात. ती कंपनीच्या स्टिरिओला जोडली की आतली आयसी (चिप) तापते आणि मोठ्या आवाजात स्टिरिओ मधेच बंद पडतो.

आता कोअ‍ॅक्सियल की कंपोनंट. तुम्ही जे ऐकता त्यासाठी निःशंक कंपोनंट. साडेसहा इंची स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, साधारण १३ सेंटीमीटर असतो. अडीच हजार हर्ट्झच्या वर तो आवाज चहूकडे पसरवत नाही, बॅटरीच्या झोतासारखा सरळ सोडतो. दारातल्या स्पीकरचा हा झोत जातो तुमच्या पोटरीवर. शब्दांची धार, श, स, च ही अक्षरं, तबल्याची चाट, सगळं नेमकं या पट्ट्यात. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्विटरही तिथेच खाली, म्हणून गायक पायाशी बसून गातोय असं वाटतं. कंपोनंटचा ट्विटर आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत गेला की आवाज डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. फोकल, हर्ट्झ, मोरेल, पायोनियर, जेबीएल, कोणतंही नाव घ्या, पण आधी कागदावरचे आकडे. ट्विटर कापडी घुमटाचा घ्या. धातूचा ट्विटर काचेजवळ बसला की जुन्या ध्वनिमुद्रणांत बोचतो.

पत्रा_आणि_पॅड
वरचं सगळं बरोबर, पण डग्गा घुमत नाही याला स्पीकरइतकंच दार जबाबदार आहे. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते, गाडीत दार हीच पेटी. कोन पुढे जातो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. दाराच्या आतल्या पत्र्याला काच-मोटरच्या कामासाठी मोठी भोकं असतात, त्यांतून ती मागची लाट पुढे येते आणि पुढच्या खर्जाला खाऊन टाकते. भोकं उघडी ठेवून २०,००० चे स्पीकर लावलेत तरी थपथपच ऐकू येणार. माझ्या मते तुमच्या १२,००० तले सात हजार स्पीकरला आणि बाकीचे दाराला व मजुरीला जायला हवेत. मागच्या ट्रेवर एक रुपयाही नको. हॅचबॅकचा तो ट्रे सुटा असतो, त्याला पेटीसारखी सीलबंद बाजू नसते, आणि जोरात ब्रेक लागला तर दोन जड चुंबकं मागच्या माणसाच्या डोक्यामागे मोकळी.

दाराचं काम असं. पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नका, कडेच्या काळ्या चिकट ब्यूटिल रबराला हेअर ड्रायरने ऊब देऊन सोडवा. हात आत घालून बाहेरच्या पत्र्याची धूळ आणि तेलकटपणा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. त्यावर २ मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला ब्यूटिल पत्रा, रोलरने दाबून. पूर्ण दार मढवायची गरज नाही. पत्र्याच्या मधल्या भागात तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर थांबते. बोटाने टकटक करा: डब्यासारखा ‘टण्ण’ आवाज जाऊन लाकडासारखा ‘ठक’ आला की पुरे. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा. नुसतं ब्यूटिल ताणून लावलं तर मे महिन्यात लोंबतं, म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियमचा कडक तुकडा आणि वरून ब्यूटिल. गच्चीवर लावतात ती डांबरी शीट कोणी स्वस्तात लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. उन्हात ती वितळते, गाडीत वास राहतो आणि ओघळ काचेच्या खाचेत जातात.

पावसाचं: काचेच्या रबरातून पाणी आत उतरणारच, दाराची रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जातं. ब्यूटिल लावताना ती भोकं बुजली की पाणी साचून दार आतून गंजतं. काम झाल्यावर आत ग्लासभर पाणी ओतून खालून बाहेर येतंय का ते पाहा. स्पेसर (स्पीकरखाली बसणारी रिंग) एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा नको, दोन पावसाळ्यांत फुगून स्क्रू सैल होतात. एबीएस किंवा एचडीपीई प्लास्टिकची रिंग घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना फोमची टेप. स्पीकरचा कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडेची घडी रबराची असू दे, फोमची घडी दमट हवेत भुगा होते. स्पीकरमागे फोमची आख्खी वाटी लावतात, ती पाणी धरून ठेवते. तिचा वरचा अर्धा भागच कापून छपरासारखा लावा.

खरेदीआधी खोली मोजा. काच पूर्ण खाली, मग भोकाच्या कडेपासून काचेपर्यंत पट्टीने माप घ्या. त्यात स्पेसरची जाडी मिळवा आणि ५ मिलिमीटर वजा करा. स्पीकरची माउंटिंग डेप्थ (मागे आत जाणारी खोली) याच्या आत हवी. पुढची बाजूही विसरू नका. स्पीकरच्या सगळ्यात उंच भागावर कणकेची छोटी गोळी ठेवा, पॅड लावून दाबा, परत काढा. गोळी पार चपटी झाली असेल तर जाळी टेकतेय, पातळ स्पेसर घ्या.

खारा_वारा
दोघांचेही आभार, मोजमाप रविवारी घेतो. एक शंका: आत्ताचे स्पीकर ठेवून फक्त ट्विटर जोडले आणि दाराचं काम केलं तर? आणि कंपोनंटच्या क्रॉसओव्हरचा (खर्ज वूफरला आणि उंच स्वर ट्विटरला वाटून देणारा) डबा दारात कुठे ठेवायचा?

तांब्याची_तार
चालेल, खिशाला हलकं पडेल, पण मधला पट्टा सुधारणार नाही. सुट्या ट्विटरच्या वायरीत बहुधा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ४ ओहमवर तो साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचा आवाज तोडतो. म्हणजे झांजेची किणकिण वाढेल, शब्द पायाशीच राहतील. १० मायक्रोफॅरड घातला तर तोड ४,००० वर येते, पण बारीक ट्विटर ते सोसत नाही, मोठ्या आवाजात फाटतो. आणि कपॅसिटरशिवाय ट्विटर कधीच जोडू नका, पहिल्याच खर्जाच्या ठोक्याला त्याची कॉइल जळते. चांगल्या कंपोनंट संचात तोड तीन-साडेतीन हजारांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंनी (वूफरला वरून, ट्विटरला खालून) असते, तुम्हाला तेच हवंय.

डबा पाण्याच्या बाजूला नको. आतला पत्रा आणि पॅड यांच्या मधे, पडद्याच्या कोरड्या बाजूला, जमेल तितका वर, झिप टायने बांधून. ट्विटरची वायर आरशाच्या पट्टीपर्यंत दारातूनच जाते, बिजागरीच्या रबरी नळीत हात घालावा लागत नाही. कंपनीचं कनेक्टर कापू देऊ नका, गाडीच्या नावाने कपलर मिळतो.

डावा_उजवा
बसवून झाल्यावर दुकानातच दोन गोष्टी तपासा. पहिली, प्लस-मायनस. एका बाजूची वायर उलटी गेली की दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज गायब होतो आणि गायक नेमका कुठे आहे ते कळत नाही. शंका आली तर कनेक्टर काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या टोकांना टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर यायला हवा. दोन्ही दारांत हे वूफरलाच करा, ट्विटरला नाही.

दुसरी, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी) दोन-तीन घरं पुढे आणि बेस शून्यावर. बेस वाढवला की स्टिरिओचे ते १७-२० वॅट खर्जातच संपतात आणि शब्द चिरतो. तुमची मूळ तक्रार बहुतेक तीच आहे. एकाच मोठेपणाचा आवाज एक सप्तक खाली वाजवायला कोनाला चौपट हलावं लागतं. पुढे कधी अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तर त्यावर हाय-पास (खालचा खर्ज अडवणारी गाळणी) ८० हर्ट्झला लावा, साडेसहा इंची स्पीकरची अर्धी मेहनत वाचते.

बॅलन्सने डाव्या-उजव्याचा गोंधळ पूर्ण सुटणार नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर जवळ असतो. फरक अर्ध्या मीटरचा धरला तर डावीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा येतो. तो नीट करायला डीएसपी (आवाजाची वेळ जुळवणारं यंत्र) लागतो. तो १२,००० त बसणार नाही, आणि त्याच्यासाठी दाराच्या कामाचे पैसे कापू नका. तोवर डावा ट्विटर चालकाच्या डोक्याच्या दिशेने वळवा आणि उजवा समोरच्या सीटांच्या मधल्या आरशाकडे. दोन्ही ट्विटर आधी दुहेरी टेपने चिकटवून आठवडाभर ऐका, दिशा पक्की झाली की मगच पट्टीला भोक पाडा.