लेफ्ट टॅकल गेला की काय होतं

२०२१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) महोम्स टॅम्पा बेविरुद्ध दबावाखाली ढेपाळला, असं काही जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. त्याला वाचवायला त्याच्यापुढे पाच जणांची लाइन असते: दोन कडांना टॅकल, त्यांच्या आत गार्ड, मधे सेंटर. तिथे कोण उभं होतं ते आधी बघा.

राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे ऑक्टोबरपासूनच बाहेर. लेफ्ट टॅकल एरिक फिशरची टाचेची शीर आदल्याच सामन्यात, बफेलोविरुद्ध तुटली. गार्ड डुव्हर्ने-टार्डिफ डॉक्टर. तो कोविडच्या काळात रुग्णसेवेसाठी मोसमभर खेळलाच नाही (त्याच्याबद्दल मला आजही फार आदर वाटतो). मग श्वार्ट्झच्या जागी खेळणाऱ्या रेमर्सला उजवीकडून डावीकडे नेलं आणि गार्ड वायली राइट टॅकलला आला. म्हणजे टॅकल दोनच गेले, पण जागा त्याहून जास्त हलल्या. लाइनमध्ये शेजाऱ्याच्या हालचालीची सवय लागावी लागते. ती दोन आठवड्यांत कशी लागणार?

टॅम्पा बेला महोम्सवर जादा माणसं धाडायची गरजच पडली नाही. बहुतेक वेळा चौघांनीच काम केलं, बाकीचे सात मागे पासची वाट अडवून उभे. महोम्स जीव तोडून पळत होता, तेही पायाच्या दुखऱ्या अंगठ्यावर. निकाल ३१-९, कॅन्सस सिटीचा एकही टचडाउन (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेणं) नाही.

क्लबलाही कारण कळलं होतं. त्याच वर्षी थूनी, ऑर्लँडो ब्राउन, हम्फ्री, ट्रे स्मिथ अशी जवळपास नवी लाइन उभी केली. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये महोम्सला एकदाही सॅक झाला नाही, म्हणजे पास टाकण्याआधीच त्याला कोणी पाडलं नाही. क्वार्टरबॅक तोच होता.